चूक वाचता येणं

“तुमच्यात किती पेशन्स आहे हो!” शाळा बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा निघताना हे म्हणतोच. काही जण “हे पुण्याचं काम आहे” अशी भरही घालतात. माणसं भली असतात, हेतू चांगला असतो, म्हणून आम्ही हसून “छे हो” म्हणतो आणि त्यांना दारापर्यंत सोडून येतो. पाहुणे गेले की स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी हमखास करवादतं. तासन्‌तास शस्त्रक्रिया करून बाहेर आलेल्या सर्जनला कोणी “तुमचा स्वभाव किती शांत!” असं म्हणतं का? त्याच्या हातात कसब आहे, हे गृहीत असतं. आमच्या बाबतीत मात्र स्वभावच गृहीत असतो.

आमची शाळा लहान आहे. वर्गात मोजकी मुलं. कुणाला वाचता येत नाही, कुणाला लिहिताना हात साथ देत नाही, कुणाला आकडे परके वाटतात, कुणाचं लक्ष पाखरासारखं भिरभिरतं. बहुतेकांच्या बाबतीत यातलं एकच असं नसतं, दोन-तीन गोष्टींची मिसळण असते. रिपोर्टमध्ये त्यांना अनुक्रमे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया, एडीएचडी अशी नावं असतात आणि बोलण्यात सरसकट ‘एलडी’, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी. आणि हो, या सगळ्यात संयम लागतो, नाही कोण म्हणतं? पण नुसता संयम असलेला शिक्षक एकाच चुकीकडे वर्षभर प्रेमाने बघत बसू शकतो. मूल असतं तिथेच राहतं, फक्त त्याला कोणी ओरडत नाही एवढंच. ते काही थोडं नाही, पण पालक त्यासाठी मुलाला आमच्याकडे पाठवत नाहीत.

या विषयाचा इतिहास बहुतेक वेळा डॉक्टरांपासून सांगतात. कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधत्वा’चं वर्णन केलं, डोळ्यांचे डॉक्टर बर्लिन यांनी १८८७ मध्ये डिस्लेक्सिया हा शब्द रूढ केला, पण त्यांचे रुग्ण म्हणजे सगळी मोठी माणसं होती, मेंदूला इजा झाल्यावर वाचन गमावलेली. लहान मुलाची पहिली ठळक नोंद येते ती १८९६ मध्ये. इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. हुशार, खेळात चपळ; पण सात वर्षांचा असल्यापासून शिकवूनही वाचता येईना. स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटीपालटी करून लिहिलं आणि एकदा सांगूनही चूक त्याच्या ध्यानात आली नाही. तोच मुलगा ७८५८५२०१७ ही संख्या मात्र झटकन वाचत होता.

त्या लेखातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते एक वाक्य डॉक्टरांचं नाहीच. पर्सीला काही वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं म्हणणं मॉर्गन यांनी नोंदवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. या मास्तरांचं नाव लेखात नाही. त्यांच्या हाती ना मेंदूचा नकाशा होता, ना कुठली चाचणी. तरी मुलाची बुद्धी आणि मुलाचं वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी अचूक सांगितलं. ते पर्सीशी प्रेमाने वागत होते की खेकसत होते, याची नोंद नाही. त्यांनी नीट पाहिलं होतं, एवढं मात्र नक्की.

आता नीट पाहणं म्हणजे काय, ते एका शब्दावरून सांगते. श्रुतलेखनात ‘प्रकाश’ हा शब्द घातला. एका मुलाने लिहिलं ‘परकाश’, दुसऱ्याने ‘पकाश’, तिसरीने ‘प्राकश’. तीन वह्या, तीन लाल फुल्या. मोठ्या वर्गात या तिघांनाही एकच औषध मिळतं, ते म्हणजे “दहा वेळा लिहून आण.” वर्गात साठ मुलं असतील तर दुसरं काय होणार? मी त्या शिक्षकाला दोष देत नाही.

पण ‘परकाश’ लिहिणाऱ्याला प, र, का, श सगळं ऐकू आलेलं आहे. प आणि र यांच्यामध्ये स्वर नाही हे कागदावर कसं दाखवायचं, तेवढंच त्याला माहीत नाही. त्याला जोडाक्षर शिकवायचं की काम झालं, आठवड्याभरात फरक दिसतो. ‘पकाश’वाल्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला विचारायचं, “प्रकाशमधला पहिला आवाज काढून टाकला तर काय उरेल?” तो म्हणतो, “काश.” म्हणजे त्या जोडीतला र त्याच्या कानाला सुटा सापडतच नाही. याला पेन्सिलच देऊ नये. आधी कानाचं काम करावं लागतं: आवाज सुटे करणं, जोडणं, एखादा काढून टाकणं, रंगीत ठोकळे मांडून प्रत्येक आवाजाला एक ठोकळा देणं. दहा वेळा लिहून आणलं, तर तो ‘पकाश’ दहा वेळा पक्का करून आणील. आणि ‘प्राकश’वालीला तोंडी विचारलं की ती आवाज बरोबर क्रमाने सांगते, काना कुठे तेही सांगते. तिचा कान ठीक, ज्ञानही ठीक. पण हात अक्षराचा आकार काढण्यात इतका गुंततो की तेवढ्यात क्रम निसटतो. तिला दहा वेळा लिहायला लावणं हा तर छळच झाला. तिच्यासाठी अक्षराच्या वळणावर वेगळं काम करायचं आणि शब्दाची परीक्षा तोंडी किंवा अक्षरांच्या पत्त्यांवर घ्यायची.

फुली सारखी, कारणं तीन, उपाय तीन. आमच्या शाळेत चांगला शिक्षक कोण, असं मला विचारलंत तर मी म्हणेन, ज्याला चूक वाचता येते तो. मुलाला वाचायला शिकवणं हे त्यानंतरचं.

“आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, मग मराठीत कसला आलाय डिस्लेक्सिया? ती इंग्रजीची भानगड,” हेही नेहमी ऐकू येतं. यात थोडं तथ्य आहे. इंग्रजीइतका स्पेलिंगचा जाच आपल्याकडे नाही. पण लिपी सरळ असली म्हणून अडचण पळून जात नाही, ती रूप बदलते. ऑस्ट्रियात हाइन्झ विमर यांनी १९९३ मध्ये जर्मन वाचणाऱ्या मुलांबद्दल हेच मांडलं. जर्मन बरीचशी उच्चाराबरहुकूम लिहिली जाते, त्यामुळे तिथली डिस्लेक्सिक मुलं शब्द बरोबर वाचतात. पण भयंकर सावकाश. मराठी वाचणाऱ्या आमच्या मुलांतही मी हेच पाहते. चौथी-पाचवीतला मुलगा एक-एक अक्षर बरोबर लावतो, पण वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, “येतंय की वाचता!”

शिवाय देवनागरीचे स्वतःचे डाव आहेत. ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर, म्हणून ‘किरण’चा ‘करिण’ होतो. र तर बहुरूपीच: ‘कर’मध्ये एक, ‘अर्क’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाशी आणि ‘दुसऱ्या’मध्ये आणखी निराळा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात एखाद्या वळणाचाच काय तो फरक. बाराखडी पुरी मांडली तर चौकटी चारशेच्या पुढे जातात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की अशा अक्षरलिपींत अक्षरओळख पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत संपत नाही, पुढे बराच काळ चालूच राहते. म्हणजे ज्याला काही अडचण नाही त्या मुलालाही ती वर्षं लागतात. आणि आपण पहिलीच्या परीक्षेनंतर अक्षरं शिकवणं बंद करतो!

आणखी एक अडचण आहे, ती शिक्षकांच्याही चटकन लक्षात येत नाही. आपण लहानपणापासून शब्दाचे तुकडे अक्षरांत पाडतो. ‘कमळ’ म्हणजे क, म, ळ. पण क हा काही एकच आवाज नाही, त्याच्या पोटात अ आहे. मग सुटा आवाज ओळखायची कानाला सवयच लागत नाही, आणि वाचनाला तर तीच लागते. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये चार-पाच वर्षांच्या, अजून वाचू न लागलेल्या मुलांची आवाजांची पारख तपासली आणि पुढे काही वर्षं त्यांच्यामागे राहून दाखवलं, की ज्यांना शब्दांतले सारखे-वेगळे आवाज ओळखता येत नव्हते ती नंतर वाचनात मागे पडली. यमक, अनुप्रास, बडबडगीतं यांना आपण करमणूक समजतो. आमच्याकडे ती वेळापत्रकात असतात. अकरा वर्षांच्या मुलालाही. त्याला ते बालिश वाटू नये म्हणून मग भेंड्यांचे, कोड्यांचे कपडे चढवावे लागतात.

वय हा मोठाच प्रश्न. मुलं आमच्याकडे येतात ती बहुधा दोन-तीन शाळा फिरून, नऊ-दहा वर्षांची झाल्यावर. तोपर्यंत वाचता न येण्यापेक्षा ते लपवण्याची कला त्यांना जास्त चांगली साधलेली असते. मोठ्याने वाचायची पाळी यायच्या आधी दोन नंबर असताना बरोबर तहान लागते. एकाच्या चष्म्याची काडी दर भाषेच्या तासाला निखळायची. एक मुलगी शेजारणीच्या ओठांकडे बघून समूहवाचनात सुरात सूर मिळवायची, तो इतका बेमालूम की आधीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन: समाधानकारक’ असा शेरा होता. आणि वर्गातला विदूषक तर असतोच. मस्ती केल्याबद्दल बाहेर काढलं गेलं की वाचावं लागत नाही, हा हिशेब त्याने पहिलीतच पक्का केलेला असतो. “मूर्ख दिसण्यापेक्षा वाह्यात दिसलेलं बरं” असं त्याच्या जागी मीही ठरवलं असतं.

एका मुलाने पाठ्यपुस्तकातले अख्खे धडे ऐकून पाठ केले होते. पान उघडून बोट फिरवत तो असा वाचायचा की विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी. आमच्या सर्वांत ज्येष्ठ सहकारी बाईंना शंका आली ती त्याच्या डोळ्यांवरून. बोट पुढे आणि नजर खिडकीकडे. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच धड्याचं पान टाइप करून आणलं, त्यात चार-पाच शब्द बदललेले. मुलाने मूळ धडाच ‘वाचला’. मग बाईंनी त्याला शाबासकी दिली. खरीखुरी, उपरोधाने नव्हे. “एवढं पाठ करायला केवढं डोकं लागतं! माझ्याच्याने झालं नसतं,” असं म्हणून त्यांनी ते पान बाजूला ठेवलं आणि दोन अक्षरी शब्दांपासून त्याच्याबरोबर सुरुवात केली. त्या मुलाने पुढे कित्येक दिवस कटकट केली, पण सोंग मात्र सोडून दिलं.

ही सोंगं वेळेवर न ओळखल्याची किंमत मोठी असते. वाचनाचे अभ्यासक कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये ती मांडून दाखवली आणि बायबलमधल्या मॅथ्यूच्या वचनावरून तिला ‘मॅथ्यू इफेक्ट’ असं नाव दिलं: ज्याच्याजवळ आहे त्याला आणखी मिळतं. वाचता येणारं मूल वाचतं, वाचल्याने त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढल्याने वाचन सोपं होतं. वाचता न येणारं मूल वाचन टाळतं आणि मग केवळ वाचन नव्हे, तर शब्द, सामान्यज्ञान, भूगोल, विज्ञान सगळ्यातच मागे राहतं. म्हणून आमच्याकडे वाचून दाखवण्याचा तास कधीच रद्द होत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या बुद्धीच्या उंचीचं पुस्तक ऐकायला मिळायलाच हवं. नाही तर दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ‘छगन, पट पट बघ’ एवढंच साहित्य येतं.

शिकवण्याच्या पद्धतींविषयी आमच्या क्षेत्रात पंथ आहेत आणि पंथांत असते तशी भांडणंही. सर्वांत नावाजलेली पद्धत ओर्टन-गिलिंगहॅम. तिचा इतिहास मला मजेशीर वाटतो. सॅम्युअल ओर्टन हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले मेंदूचे डॉक्टर. त्यांनी १९२५ मध्ये सिद्धांत मांडला, की अक्षराची प्रतिमा मेंदूच्या दोन अर्धगोलांत एकमेकींच्या आरशातल्या रूपांसारखी उमटते आणि या मुलांत एक अर्धगोल दुसऱ्यावर मात करू शकत नाही, म्हणून अक्षरं उलटी होतात. हा सिद्धांत पुढे टिकला नाही. पण त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघींनी १९३० च्या दशकात शिकवण्याची जी शिस्त बांधली, ती आजही शिक्षकांच्या हातात आहे: एका वेळी एक आवाज आणि त्याचं चिन्ह, सोप्याकडून अवघडाकडे, आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढचं नाही, डोळ्यांनी बघ, तोंडाने म्हण, कानांनी ऐक, बोटाने गिरव. ग्रेस फर्नाल्ड यांनीही १९२१ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शाळेत मुलांना अख्खे शब्द बोटाने गिरवायला लावले. तेही मुलाने स्वतः सांगितलेल्या गोष्टीतले शब्द, हा त्यांचा माझ्या मते खरा चतुरपणा.

म्हणजे गिलिंगहॅम आणि स्टिलमन बाईंची शिस्त ओर्टन डॉक्टरांच्या सिद्धांताला पुरून उरली, असं म्हणायचा मोह होतो. पण तेवढ्यावर थांबणं अप्रामाणिक होईल. २०२१ मध्ये ओर्टन-गिलिंगहॅम पद्धतीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा फायद्याचा कल दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसाला उतरेल इतका ठोस नव्हता. आवाज आणि चिन्ह यांचं नातं स्पष्टपणे, क्रमाने शिकवल्याने फायदा होतो, हे मात्र अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० मध्ये शेकडो अभ्यास चाळून सांगितलेलं आहे आणि ते पक्कं आहे. मग रेतीत गिरवण्याने नेमकं काय साधतं? मला वाटतं, घाई कमी होते. बोट रेतीतून जाताना मूल अक्षराच्या वळणाकडे बघतं, पुढच्या अक्षरावर उडी मारत नाही. हे माझं मत, विज्ञान नव्हे. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना ते मान्य नाही.

‘हा व्हिज्युअल लर्नर, ही ऑडिटरी लर्नर’, म्हणजे हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी, अशी वर्गवारी करणाऱ्यांशी मात्र माझं जमत नाही. मुलाच्या आवडत्या ‘शैली’त शिकवलं की तो जास्त शिकतो, याला पुरेसा पुरावा नाही, हे हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच दाखवून दिलं. तरी दर प्रशिक्षणात एक तरी वक्ता ती स्लाइड लावतोच. रंगीत काचांच्या चष्म्यांचंही तेच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये स्पष्ट म्हटलं, की वाचनाच्या अडचणीवर रंगीत भिंगं किंवा डोळ्यांचे व्यायाम यांचा उपयोग असल्याचा पुरावा नाही. पालक हवालदिल असतात, पैसे खर्च करतात आणि मौल्यवान वर्ष जातं. “करून बघायला काय हरकत आहे?” याला माझं उत्तर असतं, “हरकत नाही, पण तो तास कुठल्या तासातून काढणार?”

गणिताबद्दल लोक एवढं बोलत नाहीत, कारण ‘माझंही गणित कच्चंच होतं’ असं म्हणायची फॅशन आहे. डिसकॅल्क्युलिया म्हणजे कच्चं गणित नव्हे. टेबलावर तीन बटणं टाकली तर तुम्ही ती मोजत नाही. बघताक्षणी ‘तीन’ दिसतात. ज्यांना ती दिसत नाहीत, एक-दोन-तीन करत मोजावी लागतात, अशी मुलं असतात. लादिस्लाव कोश्च या मानसतज्ज्ञांनी १९७४ मध्ये या अडचणीची नीट व्याख्या केली. ब्रायन बटरवर्थ यांनी २००३ मध्ये शिक्षकांसाठी जी चाचणी बनवली, तिचा एक भाग असाच ठिपके मोजण्याचा आहे. या मुलांना पाढे पाठ होतातही, पण सात साते एकोणपन्नास हे त्यांच्यासाठी स्तोत्रासारखं असतं. एकोणपन्नास हे चाळिसाहून मोठे की लहान, विचारलं की गोंधळ. इथे पाढ्यांचा मारा करून काही होत नाही. मणी, पट्ट्या, ठिपक्यांचे पत्ते घेऊन, पाचाच्या आतल्या संख्यांवर महिने घालवावे लागतात. बाहेरून बघणाऱ्याला हे सहावीत बालवाडी चालवल्यासारखं वाटतं. एकदा एका वडिलांनी तसं बोलूनही दाखवलं. आमच्या गणिताच्या सरांनी वाद घातला नाही. त्यांना मुलाशेजारी बसवलं आणि दोघांसमोर ठिपक्यांचे पत्ते धरले. पाच मिनिटांत वडिलांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “हे मला कोणी आधी का नाही दाखवलं?”

लक्ष न लागणाऱ्या मुलांबद्दल एकच गोष्ट सांगते. “वह्या काढा, तारीख घाला, समास आखा, पान बेचाळीस उघडा आणि दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करा.” या एका दमात पाच सूचना आहेत. नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या प्रसिद्ध मांडणीनुसार प्रौढ माणूससुद्धा एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरू शकतो. ज्याची ही मुळातली ओंजळच लहान, त्या मुलाच्या हाती पहिली सूचना राहते, नाही तर शेवटची. मग तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि बोलणी खातो. आम्ही एक सूचना, मग थांबणं, मग दुसरी असा रिवाज पाडला आहे आणि पायऱ्या फळ्यावर राहू देतो. मुलांपेक्षा शिक्षकांनाच तो अंगवळणी पडायला जास्त वेळ लागला. शिक्षकाला शांततेची फार भीती वाटते.

लहान शाळेचं कौतुक करताना तिची दुखणी झाकू नयेत. फायदा उघड आहे: ‘पकाश’ लिहिणारा मुलगा चित्रकलेच्या सरांना, ग्रंथपालांना, सगळ्यांना माहीत असतो. मधल्या सुट्टीत चहाच्या कपाबरोबर “आज त्याला र सापडला” अशी बातमी फिरते आणि पुढच्या तासाचे सर त्याच्यासमोर मुद्दाम ‘क्रम’, ‘ग्रह’ असे शब्द आणतात. हे सगळं कुठल्याही फॉर्ममध्ये मावत नाही. नेमकी तीच अडचण. फॉर्ममध्ये मावत नाही, म्हणून ते एका माणसाच्या डोक्यात राहतं, आणि ते माणूस शाळा सोडून गेलं की दोन-तीन मुलांचं वर्ष त्याच्याबरोबर जातं. आता आम्ही प्रत्येक मुलाची चुकांची वही ठेवतो. त्यात गुण नसतात. तारीख, चूक जशीच्या तशी, आणि शिक्षकाचा अंदाज. लिहायचा सगळ्यांना कंटाळा, माझ्यासकट.

दुसरं दुखणं म्हणजे ऊब. इथे कोणी हसत नाही, घाई करत नाही, त्यामुळे काही मुलांना इथून जायचंच नसतं. पालकांनाही नसतं. पण शाळा कधीतरी संपते आणि बाहेर परीक्षा असते, घड्याळ असतं, जास्तीचा वेळ आणि रायटर यांची सवलत असते आणि ‘हे काही फेअर नाही’ म्हणणारेही असतात. सवलत मागायला मुलाला स्वतःच शिकवावं लागतं. “मला वाचायला वेळ लागतो, प्रश्न वाचून दाखवाल का?” हे एक वाक्य कोणासमोरही, मान खाली न घालता म्हणता येणं, हा आमच्याकडे आठवीचा अभ्यासक्रम आहे. रायटरला तोंडी उत्तर सांगणं हेही वेगळं कसब. मनात ओळी जुळवायच्या, विराम सांगायचे, खोडायला सांगायचं. सवलत मिळाली म्हणजे सोपं झालं, असं मानणाऱ्यांनी एकदा दुसऱ्याच्या हातून निबंध लिहून बघावा.

पालकांना आम्ही आइन्स्टाइन आणि लिओनार्डोची यादी देत नाही. ‘हे सगळे डिस्लेक्सिक होते’ असे फॉरवर्ड फिरतात. त्या थोरांची कोणी तपासणी केलेली नाही आणि करणं शक्यही नव्हतं. शिवाय ही यादी मुलावर नवंच ओझं टाकते. वाचता येत नाही ते येत नाहीच, वर आता प्रतिभावानही असायला हवं! आमच्याकडे प्रतिभावान मुलं आहेत, सामान्य मुलं आहेत, आळशी मुलंही आहेत. इतर कुठल्याही शाळेत असतात तशीच. “नॉर्मल कधी होईल?” या प्रश्नाला आमच्या बाई सांगतात, “वाचेल. तुमच्याइतक्या वेगाने कदाचित नाही. पण कामापुरतं, आणि आवडीचं असेल तर त्याहून जास्त.” काही पालकांना हे उत्तर पुरतं, काहींना पुरत नाही. काही पुढच्या वर्षी दुसरी शाळा शोधतात. जाणाऱ्यांनाही चुकांची वही देतो.

नवीन शिक्षक घेताना आम्ही मुलाखतीत ‘तुम्हाला मुलं आवडतात का’ असं विचारत नाही. नाही म्हणणारा अजून भेटलेला नाही. कागदावर ‘स्त्री’ लिहितो आणि विचारतो, यात आवाज किती? बहुतेक जण म्हणतात एक, अक्षर एकच आहे ना. काही जण म्हणतात दोन. स्, त्, र्, ई असे चार क्वचितच कोणी पहिल्या फटक्यात सांगतं, पण त्याने बिघडत नाही, ते शिकवता येतं. पुढे आम्ही एका मुलाच्या वहीतलं पान ठेवतो, नाव झाकून, आणि म्हणतो, बोला. “अक्षर गिचमिड आहे”, “सराव कमी पडतो”, “घरी लक्ष देत नसतील” अशी उत्तरं येतात. गेल्या खेपेला एका तरुणाने पान बराच वेळ पाहिलं, मग विचारलं, “हे त्याने ऐकून लिहिलंय की बघून?” त्याच्याकडे स्पेशल एज्युकेशनची पदवी नव्हती, मुलाखतीत तो दोनदा अडखळला आणि पगाराचा आकडा ऐकून त्याचं तोंडही थोडं पडलं. सोमवारपासून तो ‘पकाश’वाल्याच्या शेजारी बसतो आहे.